परवाना सोडला, दीक्षा नाही : ली टिम-ऑय यांचे प्रकरण

अँग्लिकन चर्चमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या चर्चमधून जगभर पसरलेल्या ख्रिस्ती पंथात, धर्मगुरूच्या खालच्या पायरीवरचा डीकन बरेच काही करू शकतो. उपदेश करतो, बाप्तिस्मा देतो, मयताची प्रार्थना चालवतो. प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण करणाऱ्या विधीतली, भाकर आणि प्याला मात्र धर्मगुरूच्याच हातून पवित्र व्हावा लागतो. एरवी या नियमाची अडचण जाणवत नाही, कारण लहान मंडळीकडेही अधूनमधून कोणी ना कोणी धर्मगुरू येऊन जातो. १९४१ च्या नाताळच्या दिवशी हाँगकाँग जपान्यांच्या हाती पडले आणि शेजारच्या मकावमधल्या चिनी अँग्लिकन मंडळीकडे धर्मगुरू येण्याची वाटच बंद झाली. मंडळीची जबाबदारी उरली ती चौतीस वर्षांच्या एका डीकनेसवर, म्हणजे चर्चच्या सेवेची दीक्षा घेतलेल्या, पण धर्मगुरू नसलेल्या स्त्रीवर.

त्यांचे नाव ली टिम-ऑय. २५ जानेवारी १९४४ रोजी त्या जगभरच्या अँग्लिकन चर्चमधल्या पहिल्या स्त्री धर्मगुरू झाल्या, आणि दोनच वर्षांनी त्यांना ते काम थांबवावे लागले. निर्णय एका बिशपांचा होता, हरकत इतर बिशपांची होती, आणि त्याची किंमत मोजली ली यांनी. त्यांचे आयुष्य पुष्कळदा 'पहिली स्त्री' एवढ्या एका ओळीत उरकले जाते. माझ्या मते त्यातला सर्वांत महत्त्वाचा भाग १९४६ सालचा आहे, आणि तो समजायला सुरुवातीपासूनच यावे लागते.

मकावमधली डीकनेस

ली यांचा जन्म ५ मे १९०७ चा, हाँगकाँग बेटावरच्या ॲबरडीन या कोळ्यांच्या गावातला. वडील शाळेत मुख्याध्यापक. घर भावंडांनी भरलेले, पैसा बेताचा. बाप्तिस्म्याच्या वेळी त्यांनी फ्लॉरेन्स हे नाव घेतले, ते फ्लॉरेन्स नाइटिंगेलवरून. १९३१ मध्ये हाँगकाँगच्या सेंट जॉन्स कॅथीड्रलमध्ये एका इंग्रज बाईंचा डीकनेस म्हणून दीक्षाविधी होता. त्या दिवशी उपदेशकांनी विचारले की चिनी चर्चच्या सेवेसाठी स्वतःला वाहून घेणारी चिनी मुलगी इथे कोणी आहे का. आपल्याला हाक आली ती त्या क्षणी, असे ली पुढे सांगत. १९३४ पासून चार वर्षे त्या कँटनच्या धर्मशास्त्र महाविद्यालयात शिकल्या. जपानी आक्रमणामुळे चीनमधून हाँगकाँगकडे निर्वासितांचे लोंढे येत होते. शिक्षण संपल्यावर काउलूनच्या ऑल सेंट्स चर्चमध्ये त्यांनी त्याच लोकांसाठी काम केले. १९४० मध्ये त्यांना मकावला पाठवले गेले आणि २२ मे १९४१ रोजी बिशप रोनाल्ड हॉल यांनी त्यांना डीकनेस म्हणून दीक्षा दिली.

मकाव ही पोर्तुगिजांची वसाहत. पोर्तुगाल युद्धात तटस्थ होते, त्यामुळे जपानी सैन्य आत आले नाही. पण चहूबाजूंनी जपानी ताबा आणि मध्ये निर्वासितांनी ठेचून भरलेले हे छोटेसे गाव. अन्न मिळेना, रस्त्यांवर माणसे उपाशी मरू लागली. ली यांची मंडळी मॉरिसन चॅपेलमध्ये जमत असे. चीनमध्ये आलेले पहिले प्रोटेस्टंट मिशनरी रॉबर्ट मॉरिसन यांच्या नावाचे हे चॅपेल आहे आणि त्याला लागूनच असलेल्या दफनभूमीत मॉरिसन पुरलेले आहेत. तिथे ली यांच्या वाट्याला आले ते अन्नवाटप, आजाऱ्यांची भेट, मेलेल्यांचे अंत्यविधी आणि रविवारची उपासना. फक्त प्रभुभोजन त्यांना चालवता येत नव्हते. मरणाच्या छायेत जगणाऱ्या ख्रिस्ती माणसाला याच एका गोष्टीची सर्वांत जास्त ओढ असते.

हॉल यांच्यापुढचे रस्ते

हाँगकाँग पडले तेव्हा बिशप हॉल अमेरिकेत होते, म्हणून ते कैदेतून वाचले. नंतर ते जपान्यांच्या ताब्याबाहेरच्या चीनमधून कारभार पाहू लागले. मकावचा प्रश्न आधी सहायक बिशप मोक यांच्यापुढे आला. त्यांनी ली यांना, त्या डीकनेसच असताना, प्रभुभोजन चालवण्याची परवानगी दिली. हॉल यांनीही ती मान्य केली. जवळजवळ दोन वर्षे असे चालले.

हे प्रकरण वाचताना बहुतेक लोक इथून घाईने पुढे जातात आणि थेट १९४४ च्या दीक्षेवर येतात. मला वाटते, थांबायला हवे ते इथेच. ती परवानगी वरवर पाहता सौम्य तोड होती. कोणाला स्त्री धर्मगुरू झाल्याचा धक्का नाही, मंडळीची सोयही झाली. पण त्यात एक फार जुना नियम मोडत होता: धर्मगुरूची दीक्षा नसलेली व्यक्ती प्रभुभोजन चालवत होती. हॉल यांच्यापुढे खरे तर तीन रस्ते होते. मंडळीला प्रभुभोजनाविना ठेवायचे. परवानगी तशीच चालू ठेवायची आणि दीक्षेला काही अर्थ नाही असे कृतीने कबूल करायचे. किंवा जी व्यक्ती धर्मगुरूचे सगळे काम करतेच आहे तिला रीतसर धर्मगुरू करायचे.

पहिला रस्ता त्यांना पाळक म्हणून अशक्य वाटला. उरलेल्या दोघांपैकी दीक्षा देणे हेच चर्चच्या परंपरेशी अधिक प्रामाणिक आहे, अशा निष्कर्षाला ते आले. प्रभुभोजन कोणी चालवावे हा नियम त्यांना मोडू द्यायचा नव्हता. त्यासाठी धर्मगुरू कोणी व्हावे याविषयीची रूढी मोडायला ते तयार झाले. स्त्रियांना दीक्षा मिळावी म्हणून चळवळ करणारे ते नव्हते आणि तसे त्यांनी स्वच्छ लिहिलेही होते. आपल्या हवाली केलेल्या मंडळ्या कोणाच्या पूर्वग्रहामुळे प्रभुभोजनाला मुकू नयेत, एवढाच त्यांचा आग्रह होता. विरोधकांनी पुढे या निर्णयाला बंडखोरी म्हटले, पण मला तो मुळात परंपरा जपणाऱ्या माणसाचा निर्णय वाटतो.

भेटीचे ठिकाण ठरले क्वांगतुंग प्रांतातले झाओचिंग. ली जपान्यांच्या ताब्यातल्या मुलुखातून वाट काढत तिथे पोहोचल्या, हॉल दुसऱ्या बाजूने आले. २५ जानेवारी हा पौलाच्या परिवर्तनाचा सण. त्या दिवशी हॉल यांनी ली यांच्या मस्तकावर हात ठेवून त्यांना धर्मगुरूपदाची दीक्षा दिली. प्रेषितांच्या कृत्यांच्या दहाव्या अध्यायात पेत्र आणि कर्नेल्य यांची गोष्ट आहे. परराष्ट्रीयांना मंडळीत घ्यावे की नाही हा वाद मिटायच्या आतच देवाने त्यांना आत्मा दिलेला आहे, हे पेत्राने पाहिले आणि मग त्यांना बाप्तिस्मा दिला. हॉल यांना आपली अवस्था तशीच वाटत होती. कर्नेल्यावरून ली यांचे नाव कॉर्नेलिया ठेवावे असेही त्यांच्या मनात आले होते, पण तो मोह त्यांनी आवरला. मकावमधली दोन वर्षे त्यांच्या लेखी पुरावा होती: या स्त्रीला देवाने हे दान दिलेले आहे, आपण फक्त त्याला मान्यता देत आहोत.

१९४६

जगभरच्या अँग्लिकनांमध्ये अग्रमानाचे पद असलेले कँटरबरीचे आर्चबिशप विल्यम टेंपल यांना हॉल यांनी लगेच कळवले. स्त्रियांच्या दीक्षेविरुद्धची धर्मशास्त्रीय कारणे टेंपल यांना स्वतःला फारशी भक्कम वाटत नव्हती, तरीही एका बिशपाने एकट्याने असे करणे त्यांना पसंत पडले नाही. १९४४ च्या ऑक्टोबरमध्ये ते वारले आणि त्यांच्या जागी जेफ्री फिशर आले. फिशर यांची भूमिका जास्त कडक होती. युद्ध संपताच हॉल यांच्यावर दडपण वाढले आणि १९४६ मध्ये चिनी अँग्लिकन चर्चच्या, म्हणजे चुंग ह्वा शेंग कुंग हुईच्या, बिशपांनीही शांघायच्या बैठकीत हॉल यांच्या कृतीबद्दल खेद नोंदवला.

ली यांना कळले की आपण मागे सरलो नाही तर बिशप हॉल यांना पद सोडावे लागेल. त्यांनी कसलाही गाजावाजा न करता धर्मगुरू म्हणून काम करण्याचा परवाना परत केला.

परवाना आणि दीक्षा या अँग्लिकन व्यवस्थेत दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हे प्रकरण त्या फरकावर उभे आहे. दीक्षा एकदाच होते आणि आयुष्यभराची असते. ती काढून घेता येत नाही, परतही करता येत नाही. परवाना बिशप देतो, तो एका ठिकाणी, एका काळापुरते काम करण्याची मुभा असतो. ली यांनी मुभा सोडली. आपण धर्मगुरू नव्हतो किंवा नाही, असे त्यांनी कधीही लिहून दिले नाही. कोणी त्यांना भित्र्या म्हणेल, कोणी त्यागमूर्ती. मला त्यांच्या वागण्यात त्याहून नेमके काही दिसते. ज्यावर चर्चचा अधिकार चालतो तेवढे त्यांनी चर्चच्या हाती दिले. बाकीचे आपल्याजवळ ठेवले.

हॉल यांच्याबद्दल माझे मत दोन तुकड्यांत आहे. १९४४ चा निर्णय बरोबर होता. १९४६ मध्ये मात्र वजन चुकीच्या खांद्यावर पडले. दीक्षा देणारे हॉल होते. दीक्षा घेणारी स्त्री त्यांच्याच हाताखाली काम करणारी होती. हॉल १९६६ पर्यंत बिशप राहिले. त्यांनी ली यांच्या दीक्षेबद्दल कधी माफी मागितली नाही आणि ती खोटी होती असेही म्हटले नाही, हे त्यांच्या बाजूने नोंदवायलाच हवे. पण वरिष्ठाच्या धाडसाची किंमत कनिष्ठाने भरावी, ही रचना तशीच राहिली.

फिशर यांचा मुद्दाही मला हलका करायचा नाही. जगभर पसरलेल्या चर्चमध्ये एकेक बिशप आपल्यापुरते असे निर्णय घेऊ लागला तर एकत्र राहणे अवघड होते. आधी सर्वांनी मिळून ठरवावे हे म्हणणे योग्यच आहे. मग सर्वांनी मिळून काय केले, ते पाहावे लागते. हॉल यांच्या धर्मप्रांताच्या पुढाकाराने चिनी चर्चने रीतसर प्रस्ताव पाठवला: वीस वर्षांसाठी, प्रयोग म्हणून, काही अटींवर डीकनेसला धर्मगुरूपदाची दीक्षा देऊ द्यावी. १९४८ च्या लँबेथ परिषदेत जगभरच्या अँग्लिकन बिशपांनी तो फेटाळला. असा प्रयोग परंपरेच्या आणि व्यवस्थेच्या विरुद्ध होईल आणि चर्चच्या आतल्या-बाहेरच्या संबंधांवर त्याचा गंभीर परिणाम होईल, असे उत्तर मिळाले. या प्रश्नाचा आणखी औपचारिक विचार करण्याची वेळ अजून आलेली नाही, असाही ठराव झाला. रीत पाळून विचारले, तर उत्तर आले की विचारूच नका. रीतीचा आग्रह इथे माझ्या दृष्टीने आपले बळ गमावतो.

मराठी वाचकाला या ठिकाणी पंडिता रमाबाई आठवल्यावाचून राहणार नाहीत. १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेजला बाप्तिस्मा घेतलेल्या रमाबाई याच चर्चच्या सभासद होत्या. पुढे चेल्टनमच्या महिला महाविद्यालयात असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावे अशी कल्पना निघाली, तेव्हा मुंबई आणि लाहोरच्या अँग्लिकन बिशपांनी तिला विरोध केला. भारतात त्यांच्या नावाला आणि कामाला धक्का बसेल, हे कारण. रमाबाईंनी उत्तर दिले की माझ्या वडिलांनी किंवा नवऱ्याने ज्याला हरकत घेतली नाही त्याला हे लोक हरकत घेत आहेत याचे मला नवल वाटते. तिथल्या लोकांना चालणार नाही, हे कारण त्या लोकांपासून दूर बसलेल्या माणसांनी द्यायचे, असे तेव्हा घडले. ली यांच्या बाबतीत तर तिथले लोक, म्हणजे मकावची मंडळी, त्यांच्या हातून प्रभुभोजन घेतच होती. त्या मंडळीची साक्ष या वादात सर्वांत वजनदार ठरायला हवी होती.

हेपू आणि त्यानंतर

१९४७ मध्ये हॉल यांनी ली यांना हेपूला, व्हिएतनामच्या सीमेकडच्या एका दूरच्या गावी, सेंट बार्नबस चर्चची प्रमुख म्हणून पाठवले. परवाना नसला तरी लोकांनी त्यांना धर्मगुरूच म्हणावे, असा हॉल यांचा आग्रह होता. हेपूमध्ये मुलगी जन्मली की तिला जन्मतःच मारून टाकण्याचे प्रकार घडत. ली यांनी तिथे प्रसूतिगृह काढले, ते या मुली जगाव्यात म्हणून. त्यांच्या आयुष्यातले हे काम दीक्षेइतकेच मोठे आहे असे मी मानते. पुस्तकांत त्याला एखाद-दुसरे वाक्य मिळते.

१९४९ नंतर चीनमध्ये कम्युनिस्टांची सत्ता आली. ली काही काळ पेकिंगला शिकल्या, मग कँटनला परतून शिकवू लागल्या, चर्चमध्ये सेवा करू लागल्या. १९५० च्या दशकाच्या अखेरीस चर्चे बंद होत गेली. परदेशी लोकांशी संबंध असलेली ख्रिस्ती बाई म्हणून त्यांच्यावर संशय होता. त्यांना शेतावर कोंबड्या पाळण्याच्या कामाला लावले, पुढे कारखान्यात पाठवले, 'विचार सुधारण्या'च्या वर्गांना बसवले. सांस्कृतिक क्रांतीत रेड गार्ड्सनी, म्हणजे माओंच्या तरुण अनुयायांच्या टोळ्यांनी, त्यांना स्वतःची उपासनेची वस्त्रे स्वतःच्या हाताने कात्रीने कापायला लावली. या काळात एकदा आत्महत्येचा विचारही त्यांच्या मनात आला होता. तू धर्मगुरू आहेस ना, हा प्रश्न आतून ऐकू आला आणि आपण सावरलो, असे त्यांनी पुढे सांगितले. १९४६ मध्ये जे परत केले नव्हते ते इथे उपयोगी पडले. परवाना, चर्चची इमारत, मंडळी, वस्त्रे, सगळे गेले होते.

बाहेरच्या जगात दरम्यान हालचाल झाली. १९७१ मध्ये केनियातल्या लिमुरु इथे अँग्लिकन सल्लागार परिषदेपुढे हाँगकाँगने पुन्हा हाच प्रश्न ठेवला. आपल्या प्रांताच्या संमतीने एखाद्या बिशपाने स्त्रीला दीक्षा दिली तर ती स्वीकारार्ह मानावी, हा ठराव २४ विरुद्ध २२ मतांनी संमत झाला. त्याच वर्षी २८ नोव्हेंबरला बिशप गिल्बर्ट बेकर यांनी हाँगकाँगमध्ये जेन ह्वांग आणि जॉइस बेनेट यांना दीक्षा दिली. हाँगकाँगने ली यांची दीक्षाही मान्य केली. त्या तेव्हा चौसष्ट वर्षांच्या होत्या आणि चीनमध्ये कामगार होत्या.

१९७४ मध्ये त्या कामातून निवृत्त झाल्या. १९७९ मध्ये चर्चे उघडू लागली तशी त्यांनी पुन्हा उपासनेत सेवा सुरू केली. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्या कॅनडातल्या नातलगांकडे गेल्या आणि तिथेच राहिल्या. कॅनडाच्या चर्चमध्ये १९७६ पासून स्त्री धर्मगुरू होत्याच. माँट्रियलमध्ये आणि मग टोरोंटोमध्ये बिशपांनी ली यांना धर्मगुरू म्हणून परवाना दिला, आणि टोरोंटोतल्या चिनी मंडळीत त्या मानद सहायक झाल्या. नव्याने दीक्षा द्यावी लागली नाही. झाओचिंगची दीक्षा पुरेशी होती.

१९८४ च्या जानेवारीत त्या दीक्षेला चाळीस वर्षे झाली म्हणून लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये उपकारस्तुतीची उपासना झाली. लँबेथ राजवाड्यात आर्चबिशप रॉबर्ट रन्सी त्यांना भेटले. रन्सी त्या काळी स्त्रियांच्या दीक्षेबद्दल साशंक होते. इंग्लंडच्या चर्चमध्ये तेव्हा एकही स्त्री धर्मगुरू नव्हती आणि परदेशात दीक्षा झालेल्या स्त्रीला तिथे प्रभुभोजन चालवण्याची मुभाही नव्हती. म्हणजे ज्या सेवेबद्दल देवाचे आभार मानले गेले, तीच सेवा करायला तिथे बंदी होती. तरी त्या उपासनेचा परिणाम मोठा झाला. तोवर स्त्री धर्मगुरू हा इंग्लंडमध्ये कागदावरचा वाद होता. आता सत्याहत्तरीकडे झुकलेली, ठेंगणी, शांत बोलणारी एक बाई समोर उभी होती, आणि तिने एवढे सोसून दीक्षा टिकवली होती.

१९८९ च्या फेब्रुवारीत बॉस्टनमध्ये बार्बरा हॅरिस या अँग्लिकन जगातल्या पहिल्या स्त्री बिशप झाल्या. त्या सोहळ्याला ली हजर होत्या. २६ फेब्रुवारी १९९२ रोजी टोरोंटोमध्ये त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी ११ नोव्हेंबरला इंग्लंडच्या चर्चच्या महासभेत स्त्रियांच्या दीक्षेवर मतदान झाले. तिन्ही सभागृहांत दोन तृतीयांश बहुमत लागत होते. बिशपांमध्ये ३९ विरुद्ध १३, धर्मगुरूंमध्ये १७६ विरुद्ध ७४ आणि सामान्य सभासदांमध्ये १६९ विरुद्ध ८२ मते पडली. शेवटच्या सभागृहात दोन मते इकडची तिकडे झाली असती तर प्रस्ताव पडला असता. १२ मार्च १९९४ रोजी ब्रिस्टल कॅथीड्रलमध्ये ३२ स्त्रियांची दीक्षा झाली.

भारतातले अँग्लिकन तोवर संयुक्त चर्चांमध्ये सामील झालेले होते: दक्षिणेत १९४७ मध्ये चर्च ऑफ साउथ इंडिया, आणि उत्तरेकडे, महाराष्ट्र धरून, २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला स्थापन झालेले चर्च ऑफ नॉर्थ इंडिया. दोन्ही चर्चांत स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा मिळते. दक्षिणेच्या चर्चमध्ये २०१३ मध्ये पुष्पा ललिता या पहिल्या स्त्री बिशप झाल्या. जगातल्या काही अँग्लिकन प्रांतांत मात्र आजही स्त्रीला धर्मगुरू होता येत नाही.

ली यांच्या नावाने १९९४ मध्ये एक निधी उभा राहिला. गरीब देशांतल्या अँग्लिकन स्त्रियांना चर्चच्या आणि समाजाच्या कामाचे शिक्षण घेता यावे म्हणून तो मदत करतो. तो उभारण्यात ली यांच्या बहिणीबरोबर पुढाकार होता ख्रिस्तोफर हॉल यांचा. ते बिशप हॉल यांचे चिरंजीव.